तांब्यातली दोघं

जीपच्या मधल्या सीटवर चौघींच्या जागेत पाचवी म्हणून घुसलेली वैष्णवी खिडकीच्या काचेवरच्या धुळीत बोटानं कान काढत होती. नुसता कान. ज्याला कान जमला त्याला माणूस जमला, असं चित्रकलेच्या गुफरान सरांचं म्हणणं होतं, आणि गुफरान सरांचं म्हणणं हल्ली वैष्णवीला पाठ असायचं. पाळी गोल फिरवून ती खाली आणतेय तोच शेजारच्या अनोळखी मावशीनं आपला मोबाइल तिच्या नाकाला लागेल इतका जवळ धरला. “ए बाय, तू ह्याच शाळेतली ना गं? ड्रेसवरनं वळखलं मी. बग बरं, काय दिसतंय तुला ह्यात?” वैष्णवीला दिसली ती शाळेची भिंत. भिंतीवर रंगवलेली पंगत. आणि पंगतीवर दोन लाल गोल. एक बारीक, तांब्याभोवती, जरासा चपटा, शेवट सुरुवातीला नीट न मिळालेला. तो तिचा होता. काल रविवारी दुपारी स्वतःच्या बोटानं मोबाइलवर काढलेला. आपलं अक्षर ओळखावं तसा तिनं तो ओळखला. दुसरा जाडजूड, भाकरीभोवती तीनतीनदा फिरवलेला, आणि त्याच्याखाली पिवळ्या पट्टीवर लिहिलेलं: ‘आप्पांच्या पंगतीत चंद्रकोर कशाला? चित्र काढणारा कोण आहे ते बघा आणि विचार करा.’ “दिसला का चंद्र?” मावशी म्हणाली. “माझ्या भाच्यानं धाडलंय. मला आदी न्हवता दिसला. त्यानं दावल्यापासून दिसायलाय बग.” जीप खड्ड्यात आदळली, सगळ्याजणी एकदम उडाल्या आणि एकदम बसल्या. वैष्णवीनं काचेवरचा कान तळहातानं पुसून टाकला.

चंद्र कसला? भाकर होती ती, आणि ती अर्धी कशी झाली हे अख्ख्या केजात फक्त तिघांना माहीत होतं: गुफरान सरांना, वैष्णवीला आणि ज्यानं ती खाल्ली त्या धुळाजीमामाला. शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष अमरसिंहदादा म्हणाले, फाटकातून आत आल्याआल्या समोरच्या भिंतीवर आप्पा दिसले पाहिजेत. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, शाळा काढणारे. फ्लेक्स नको, फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. हातानं रंगवलेलं पाहिजे. मग सरांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पंगत बसवली. मधोमध पांढऱ्या फेट्यातले आप्पा, दोन्ही बाजूंना सहा सहा माणसं, कुणी वळून बोलतंय, कुणी हात पुढं करतंय, कुणाचा घास तोंडाशी थांबलाय. दिवाळीच्या सुट्टीत हे काम चाललं. बाकीच्या पोरी मामाच्या गावाला गेल्या. वैष्णवी मात्र रोज जीपनं यायची, रंगाचे डबे उघडून द्यायची, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायची, ओळीतल्या माणसांच्या धोतरांना पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायची. चित्रासाठी समोर बसायला माणसं शाळेतलीच. वाढणारी बाई म्हणजे शाळेची खिचडी करणाऱ्या बायनाबाई, कपाळावर ठसठशीत कोरीचं कुंकू लावून. टोकाचा म्हातारा म्हणजे शिपाई धुळाजीमामा. त्याच्यापुढं भाकर पाहिजे म्हणून त्यानं आपल्याच डब्यातली काढून ठेवली, आणि सर त्याच्या मिशा रंगवत होते तोवर हळूच एकेक तुकडा मोडून खात राहिला. सरांचं लक्ष गेलं तेव्हा भाकरीची कोर उरली होती. “मामा, थांबा, आता नका खाऊ, देवासाठी नका खाऊ!” सर शिडीवरून ओरडले. धुळाजीमामा तोंड भरलेलं तसंच ठेवून म्हणाला, “चितारायला लई येळ लावता सर तुमी. भूक काय थांबती का?” सरांना इतकं हसू आलं की ते शिडीवरच बसले. मग म्हणाले, अशीच काढू, अशीच खरी आहे. आणि त्यांनी ती तशी काढली, मोडलेल्या कडेचे कंगोरे, तव्याचे काळे डाग, सगळं.

आठवीच्या आधीची वैष्णवी कशी होती हे आता तिलाच आठवायला जड जायचं. मागच्या बाकावरची, फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत डोकावणारी, हजेरीला ‘हजर’ म्हणताना घसा बसलेली. गणितात तिचा हात कधी वर गेला नाही. आणि मग आठवीत गुफरान सर आले, हातात लॅमिनेट केलेल्या चित्रांचा गठ्ठा घेऊन. पाचशे वर्षांपूर्वीची चित्रं, तिकडच्या देशांतली, मखमलीतली माणसं, लांब बोटं, खिडकीतून येणारा मधासारखा उजेड. मकसूदभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानातून सरांनी ती छापून आणली होती, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे जरासे हिरवट होते. “बघा,” सर म्हणाले, “आणि काय दिसतं ते सांगा.” एका चित्रात दोन भरजरी साहेब उभे होते आणि त्यांच्या पायांशी एक तिरकी, लांबुळकी, राखाडी घाण. पोरं म्हणाली, मासा आहे. कुणी म्हणालं, छापताना शाई सांडलीय. वैष्णवीनं तो कागद उचलून सहज डोळ्याच्या पातळीला आडवा धरला, कसा कोण जाणे, आई मशीनवर शिवण सरळ आहे का हे कापड डोळ्याशी धरून बघते तसा. आणि त्या घाणीची कवटी झाली. डोळ्यांच्या खोबणी, दात, सगळं. ती किंचाळलीच. अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला, आणि सर मागून म्हणाले, “ही मुलगी नीट बघते.” बस्स, चार शब्द. वैष्णवी ते शब्द घेऊन घरी गेली, त्यांच्यासोबत जेवली, त्यांच्यासोबत झोपली, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला ‘हजर सर’ म्हणाली ते पार व्हरांड्यात ऐकू गेलं.

मग तिला वेडच लागलं. नवराबायको हातात हात घालून उभे आहेत त्या चित्रात मागं एक गोल आरसा आहे, आणि आरशात दारातून आत येणारी दोन इवलीशी माणसं. त्यातला एक म्हणे चित्र काढणाराच असावा. गर्दीच्या चित्रात सगळे देवाकडं बघतायत आणि एकच जण सरळ आपल्याकडं बघतोय, तर समजायचं, हाच चित्रकार. एकानं तर सोललेल्या कातडीवर आपला चेहरा काढून ठेवलाय. “का पण सर?” तिनं विचारलं होतं. सरांनी आपल्या अब्बांचं सांगितलं. त्यांचे अब्बा केजमध्ये जीप-ट्रकच्या मागं चित्रं काढायचे, मोर, कमळ, सूर्यास्त. खाली गाडीमालकाचं नाव मोठ्या अक्षरात, आणि मोराच्या तिसऱ्या पिसात उलटा ‘म’, महबूबचा. मालकाला कधी कळलं नाही. “भिंत मालकाची, रंग मालकाचा, चित्रातला मोठा माणूस पण मालक,” सर म्हणाले, “मग कारागिरानं कुठंतरी पाय टेकवायला जागा करून घ्यायची की नाही?” वैष्णवीला वाटलं, हे आपल्याला एकटीलाच सांगितलंय. ती प्रत्येक गाडीच्या मागचे मोर बघत हिंडू लागली. घरी भिंतीच्या ओलीत तिला घोडा सापडला, पोळीच्या डागांत म्हातारी, ढगात तर रोजच जत्रा. आई म्हणायची, “कावून गं अशी डोळे फाडून बघतीस? तायडे, एखाद्या दिशी डोळेच भाईर येतील.” आणि वैष्णवी आईच्या पदराच्या चुणीत एक नाक दाखवायची. दिसायला लागलं की दिसतच राहायचं. बंद कसं करायचं, हे सरांनी कधी सांगितलं नव्हतं.

भिंतीवरच्या पंगतीत सर असणार, हे तिला कामाच्या पहिल्याच दिवशी माहीत होतं. सरळ विचारलं तर सर म्हणाले, “आहेत ना. सापडले की सांग.” पंधरा दिवस ती डबे हातात घेऊन शोधत होती. शेवटच्या दिवसांत आईनं तिला येऊच दिलं नाही, कारण तिच्या डाव्या वेणीला तांबडा ऑइल पेंट लागला होता, रॉकेलनं निघेना, मग आईनं ब्लाउजं कापायच्या कात्रीनं वेणी चार बोटं कापून टाकली आणि म्हणाली, बास झालं चित्र. सरांना तेवढं सांगायला ती आखूड वेणीनं एकदाच येऊन गेली. म्हणून शेवटी सरांनी काय काढलं ते तिला कळलं नाही. परवा शनिवारी तिनं अख्ख्या भिंतीचे वीतवीत फोटो काढले आणि रविवारी घरी पडल्या पडल्या मोठे करून बघितले. धोतराच्या चुण्या, पत्रावळींचे टाके, आप्पांच्या फेट्याचे पीळ. आणि पंगतीच्या टोकाला ठेवलेला पितळी तांब्या. तांब्याच्या चकचकीत पोटात निळा शर्ट. हातात काडीसारखा ब्रश. सर! नखाएवढे सर! आणि त्यांच्या शेजारी अजून कुणीतरी, बुटकं, पण फोटो तिथं फुटत होता, चौकोन चौकोन होत होता. वैष्णवीनं उडी मारली ती मशीनवर बसलेल्या आईच्या पाठीवरच. मग तांब्याभोवती लाल गोल काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला: ‘सर सापडले! पण सरांच्या शेजारी कोण? ओळखा बरं!’ दहा मिनिटांत जीवननं, जो वर्गात सगळ्यात चेंगट पोरगा आणि ज्यानं जन्मात चित्र बघितलं नसेल, त्यानं भाकरीला गोल करून टाकला: ‘मला पण सापडला, चंद्र.’ आणि तिनं, हे तिला आता जीपमध्ये, दोन मावश्यांच्या मध्ये दाबलेल्या अवस्थेत नीट आठवत होतं, तिनं त्याला टाळ्या दिल्या होत्या. तीन टाळ्या आणि ‘भारी!! शोधा अजून.’

केज आलं तेव्हा तिला सगळीकडं चंद्रकोरी दिसत होत्या. कलिंगडाच्या फोडी. काकड्यांच्या टोपलीवर टेकवलेला विळा. फुटलेली बांगडी. जीपच्या दाराची मूठ धरलेल्या स्वतःच्या बोटांची नखं, प्रत्येकाच्या मुळाशी एकेक पांढरी कोर, दहाच्या दहा. पैसे देताना ड्रायव्हरचा कान. हे आधी नव्हतं का? होतं तर दिसलं का नाही? आणि नव्हतं तर आता कुठून आलं? कवटी खरंच होती, ती त्या चित्रकारानं मेहनतीनं वाकवून ठेवली होती. पण पोळीतली म्हातारी कुणी ठेवली होती? तिला आठवलं, एकदा वर्गात ती एका चित्रातल्या निळ्या पदरात कुत्रा दाखवायला उठली होती, हट्टानं, हा काय जबडा, हे काय शेपूट; आणि सर म्हणाले होते, “वैष्णवी, तो कुत्रा तू आणलास. राहू दे, छान आहे. पण घरी जाताना घेऊन जा.” सगळे हसले होते. तीही हसली होती. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

शाळेच्या फाटकात दहा-पंधरा माणसं उभी होती, शाळेत कुणीच शिकत नसलेली माणसं, मोबाइल वर धरून. जीवन सायकलस्टँडच्या खांबाला टेकला होता आणि त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. “वैष्णवी, आईशप्पथ मी गंमत केलती,” तो म्हणाला, “काकाच्या मोबाइलवर मी फक्त दाखवायला पाठवलतं. त्यानं पट्टी लावली. आता त्याला काढ म्हणलं तर म्हणतो, माझ्या हातात न्हाई राहिलं.” तिला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी स्वतःच्या तीन टाळ्या आठवल्या. “तुला हापिसात बोलावलंय,” तो म्हणाला. “तुझ्या आईला पण फोन केलाय. सर आतच हायेत. सकाळपासून उभे हायेत.”

हापिसात जायच्या आधी ती भिंतीकडं गेली. जायला नको होतं, पण पाय तिकडंच वळले. माणसं भाकरीशी गर्दी करून होती. तांब्याशी कुणी नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, नाक भिंतीला टेकेल इतकी जवळ गेली. ऑइल पेंटचा वास अजून जरासा होता, दिवाळीचा वास. तांब्याच्या फुगीर पोटात अख्खा व्हरांडा वाकला होता, खांब धनुष्यासारखे, शाळेची घंटा मोहरीएवढी, आणि मधोमध निळ्या शर्टातले सर. आणि शेजारी एक मुलगी. दोन्ही हातांत डबा धरलेली, डब्याच्या वजनानं जराशी मागं कललेली. दोन वेण्या. डावी वेणी उजवीपेक्षा आखूड. केसाएवढ्या ब्रशनं, एकाच फटकाऱ्यात, पण आखूड. सरांनी हे वेणी कापल्यानंतर काढलं होतं, म्हणजे ती येईनाशी झाल्यावर, आठवून. वैष्णवीला आधी कळलंच नाही की आपल्याला काय होतंय. आयुष्यात तिला कुणी कुठं ठेवलं नव्हतं. घरातल्या लग्नांच्या फोटोंतसुद्धा ती कुणाच्या तरी खांद्यामागं अर्धी असायची. आणि इथं आप्पांच्या पंगतीत, पितळेच्या उजेडात, ती सरांच्या बरोबरीनं उभी होती, कारागिराच्या बाजूला कारागीर. दोन श्वास, फार तर तीन, ती नुसती आनंदात होती. मग मागून कुणीतरी म्हणालं, “मास्तर एकटाच काढत हुता का, का आणखी कोण हुतं संगट?” आणि तो आनंद तिच्या छातीत जिथं होता तिथंच गोठला. ओळखा बरं, असं तिनंच लिहिलं होतं. सरांच्या शेजारी कोण?

हापिसात संस्थेचे सचिव शिवशंकरभाऊ मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते आणि मुख्याध्यापक भागवत सर पाहुण्यांच्या. गुफरान सर खिडकीशी उभे. त्यांच्या निळ्या शर्टाकडं वैष्णवीनं बघितलं आणि लगेच डोळे काढून घेतले. आजच तो घालायचा होता का! आई कोपऱ्यातल्या स्टुलावर, गळ्यात मोजायची टेप तशीच, धावत आलेली. धुळाजीमामाची साक्ष चालली होती. “साहेब, ती भाकर म्या खाल्ली. सर मिशा काढू लागलते. भूक लागलती.”

“पण अर्धीच का खाल्ली?”

“सरांनी धरला ना हात. न्हाईतर अख्खी गेली असती.”

“अन् भाऊ,” दारात उभ्या बायनाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “परळीच्या वैजनाथाच्या डोईवर काय अख्खी भाकर हाय का? माझ्या कपाळाला बी कोरच काढलीय की चित्रात. तिथं न्हाई कुणी गोल केला ते.”

“बायनाबाई, खिचडी खाली लागेल,” भागवत सर म्हणाले.

“लागू द्या.”

शिवशंकरभाऊ हसले. वाईट हसले नाहीत, थकल्यासारखे हसले. “मला कळतंय हो. मी काय येडा हाय का? पण मला कळून उपयोग काय? बीडवरून दादांना फोन येऊ लागलेत. भाकरीचं सोपंय. मास्तर, ती अख्खी करून टाका, आत्ता, लोकांसमोर. मिटलं. राहिला हा दुसरा गोल.” त्यांनी वैष्णवीकडं बोट केलं, पण आवाज मऊच होता, त्या मऊपणाचीच तिला जास्त भीती वाटली. “हा तर पहिला गोल. तू टाकलास ना, बेटी? भागवत सर, काय लिहिलंय खाली?”

भागवत सरांनी चष्मा लावून वाचलं. “‘सर सापडले. पण सरांच्या शेजारी कोण? ओळखा बरं.’ पुढं तीन हसरे चेहरे.”

“आता बघा,” शिवशंकरभाऊ म्हणाले. “आप्पांच्या पंगतीत मास्तरांनी स्वतःला काढलं, हे एक. ते मी दादांना समजावीन एखाद्या वेळी. पण शेजारी कोण? बाई हाय का पोरगी हाय? कुणाची हाय? उद्या कुणी तिथं पिवळी पट्टी लावली, की मग माझ्या हातात काय राहत न्हाई. मास्तरांची नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्यानं निघती. ह्यांना जूनपर्यंत थांबायची गरज पडणार न्हाई मग. आन् पोरीचं नाव निघालं तर त्या पोरीची शाळा सुटली समजा.”

खिडकीशी सरांनी घसा साफ केला. वैष्णवीला तो आवाज माहीत होता. खरं सांगायच्या आधी सर असाच घसा साफ करायचे, चित्र वाईट असलं तरी, ग्रेड परीक्षेचा निकाल वाईट असला तरी. “भाऊ, तांब्यात मी…”

“काही नाही तिथं,” वैष्णवी म्हणाली.

इतक्या मोठ्यानं म्हणाली की बायनाबाईंनी पदर सोडला. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला, हजेरीचा नव्हे, जुन्या वैष्णवीचाही नव्हे. “काही नाही. डाग हाय रंगाचा. मला उगंच काय काय दिसतं. विचारा कुणालाही. मी ढगात पण घोडे दाखवते. सर पण म्हणालते एकदा, कुत्रा तू आणलास म्हणून. मी खोटंच लिहिलं. भाव खायला.” प्रत्येक वाक्यानं काहीतरी सोलल्यासारखं होत होतं. चार शब्द ती आठवीपासून अंगावर घालून हिंडली होती, ते ती आता स्वतःच्या हातांनी उतरवून शिवशंकरभाऊंच्या टेबलावर ठेवत होती. सरांकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर सरांना सगळं दिसलं असतं, आणि सरांना दिसलेलं त्यांच्या तोंडावर लपायचं नाही.

“चला, बघूच,” शिवशंकरभाऊ उठले.

फाटकातली माणसं भाकर सोडून तांब्याशी आली. शिवशंकरभाऊंनी वाकून बघितलं, चष्मा वर केला, खाली केला. “निळं कायतरी दिसतंय.” कुणी म्हणालं, माणूस वाटतोय. कुणी म्हणालं, खांब हाय खांब. आणि मग आई पुढं झाली. सुईत दोरा ओवणारे डोळे ते. रात्रंदिवस टाके मोजणारे. आईनं पदर सावरला, तांब्यासमोर बसली आणि शिवण बघावी तशी मान तिरकी करून खूप वेळ बघत राहिली. तिचं बोट उठलं, तांब्याच्या पोटावरून हळूच फिरलं आणि एका जागी थांबलं. डाव्या वेणीवर. मग ती उठली, गुडघ्यांची धूळ झटकली. “मला तर काय दिसत न्हाई, भाऊ,” ती म्हणाली. “डाग हाय. आमची पोरगी लहानपणापासून अशीच हाय, येडी. तिच्या नादाला लागू नका.” आणि सगळ्यांदेखत तिनं वैष्णवीची डावी वेणी ओढून पुढं घेतली, सुटलेली रिबीन नव्यानं बांधली आणि गाठ अशी करकचून मारली की वैष्णवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. लोकांना वाटलं, आईनं शिक्षा केली.

“मग डाग तर डाग,” शिवशंकरभाऊ म्हणाले. “तोही पुसा. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचं पुढच्या वर्षी बघू.”

सरांनी आधी भाकर पूर्ण केली. माणसं मोबाइल धरून उभी होती. मोडलेल्या कडेचे कंगोरे गेले, कोर भरत भरत अर्धी झाली, पाऊण झाली, गोल झाली, तिच्यावर दोन तव्याचे डागही आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण वाजवायला हरकत नव्हती असं त्यांच्याकडं बघून वाटत होतं. फक्त धुळाजीमामा स्वतःच्या चित्रापुढं उभा राहून कुजबुजला, “सर, तोंडात घास तसाच राहिला की माझ्या. भाकर अख्खी, मग तोंडात काय हाय?” सर म्हणाले, “राहू दे, मामा.” त्याच्या गालाचा फुगवटा तसाच राहिला.

मग सर तांब्यापाशी आले. शून्य नंबरचा ब्रश त्यांनी पांढऱ्यात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि वैष्णवीपुढं धरला. “तांब्याला उजेडाचा ठिपका द्यायचा राहिला होता,” ते लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तो सगळ्यात शेवटी देतात. तू दे.” तिनं वर बघितलं. सर रागावलेले नव्हते. ते तिच्याकडं बघत होते, नीट बघत होते, आणि तिला वाटलं, आता हे डोळे लोकांना दिसले तर सगळं फुकट जाईल. तिनं ब्रश घेतला. ठिपका कसा द्यायचा हे तिला पाठ होतं: एकदाच टेकवायचा, उचलायचा, पुन्हा त्याच भांड्यावर यायचं नाही, उजेड एकीकडून येतो, म्हणून ठिपका एकच. तिनं ब्रश निळ्या शर्टावर टेकवला. सर गेले. पितळ चकाकलं, खरंखुरं पितळ झालं, मागून कुणीतरी “वा” म्हणालं. मुलगी राहिली होती. डबा धरून, जराशी मागं कलून, एकटी. आता तिच्या शेजारी कुणी नव्हतं, तिच्यावरून कुणाचं काही जाणार नव्हतं. व्हरांड्यात उभी असलेली कुणीही मुलगी. राहू शकली असती. वैष्णवीचा हात भिंतीपासून बोटभर दूर थांबला. ब्रशच्या टोकाशी पांढरा थेंब जड होत होता. मग तिनं तो दुसऱ्यांदा टेकवला.

“डबा झाक,” सर म्हणाले. “रंग सुकतोय.”

माणसं पांगली. तास झाला, घंटा झाली, खिचडी वाढली गेली, आणि ती थोडी लागलेलीच होती. भिंतीवर आप्पा मधोमध बसले होते, धुळाजीमामाच्या गालात घास होता आणि पुढ्यात अख्खी भाकर, आणि व्हरांड्याच्या एकाच बाजूनं येणाऱ्या उजेडात टोकाच्या तांब्यावर दोन पांढरे ठिपके होते, एक जरा मोठा, एक लहान, शेजारी शेजारी.